स्वतःचे कर्नेल की जेनेरिक: फ्रीबीएसडीच्या सुरक्षा अपडेटसाठी कोणता मार्ग घ्यावा

चाळीसगाव किंवा धुळ्याकडील एखाद्या जिनिंग मिलमध्ये फायरवॉल आणि फाइल सर्व्हर म्हणून फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीचा संगणक चालू असेल आणि त्यावर पूर्वीच्या माणसाने स्वतः बांधलेले कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असेल, तर ते कर्नेल सांभाळत राहायचे की फ्रीबीएसडीसोबत तयार मिळणाऱ्या जेनेरिक कर्नेलवर परतायचे, हे पुढचे सुरक्षा अपडेट येण्याआधी ठरवलेले बरे.

जेनेरिकचा मार्ग थोडक्यात सांगता येतो. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ ही आज्ञा आधी ‘फेच’ आणि मग ‘इन्स्टॉल’ या शब्दासह दिली, की तयार बायनरी फायली बसतात, आणि कर्नेल बदलले असल्यास संगणक रीबूट करावा लागतो.

स्वतःच्या कर्नेलच्या बाबतीत तीच आज्ञा अर्धेच काम करते. ती ओपनएसएसएच (दूरवरून लॉगिन), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन) यांसारखे मूळ प्रणालीतील भाग दुरुस्त करते, नेहमीच्या मांडणीत सोर्स कोडही अद्ययावत करते. परंतु आपले कर्नेल ती बांधत नाही. आपण ‘बिल्डकर्नेल’ (सोर्समधून बांधणी), ‘इन्स्टॉलकर्नेल’ (बांधलेले बसवणे) आणि रीबूट हे तिन्ही टप्पे पार पाडेपर्यंत कर्नेलमधील भगदाड उघडेच राहते, आणि पडद्यावर मात्र अपडेट यशस्वी झाल्याचे दिसते. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ ही आज्ञा बसवलेले कर्नेल, प्रत्यक्ष चालू असलेले कर्नेल आणि उरलेली प्रणाली यांचे पॅच क्रमांक वेगवेगळे दाखवते. प्रत्येक अपडेटनंतर ते पाहावेत. क्रमांक जुळले नाहीत म्हणजे धोका आहेच असे नाही, कारण काही अपडेट कर्नेलला स्पर्शही करत नाहीत. म्हणून सुरक्षा सूचनापत्र स्वतः वाचावे लागते, आणि स्वतःचे कर्नेल ठेवणाऱ्याला हे वाचन कायमचे लागू होते.

रीबूटच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच आहेत. हंगामात दिवसभर वजनकाट्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा काम रात्रीच करावे लागेल. बांधणीचा वेळ मात्र स्वतःच्या कर्नेलच्या वाट्याला जास्तीचा येतो. मे महिन्यात बंद खोलीतल्या जुन्या संगणकावर हा भार टाकण्यापेक्षा दुसऱ्या संगणकावर बांधणी करून एनएफएसवरून (नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याची सोय) कर्नेल बसवणे मी पसंत करतो. बांधणी चालू असताना वीज गेली तर ती पुन्हा करता येते; ‘इन्स्टॉलकर्नेल’ चालू असताना गेली तर आधीचे कर्नेल ‘कर्नेल डॉट ओल्ड’ या नावाने उरलेले असते आणि लोडरमधून, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नेल चढवणाऱ्या प्रोग्रॅममधून, ते निवडता येते. तरीही या टप्प्याला यूपीएस हवाच.

माझ्याकडे आलेल्या अशा एका संगणकाची कॉन्फिगरेशन फाइल हरवली होती. जेनेरिकमध्ये असलेला एक पर्याय त्या कर्नेलमध्येही कायम ठेवलेला असल्याने ‘कॉन्फिग’ आज्ञेने ती फाइल कर्नेलमधूनच परत काढता आली. जेनेरिकशी ताडून पाहिल्यावर दिसले, की फक्त न लागणारे ड्रायव्हर वगळून थोडी मेमरी वाचवली होती. आजच्या संगणकांत या बचतीला अर्थ नाही. पीएफ फायरवॉलसाठीही वेगळे कर्नेल लागत नाही. पीएफ मॉड्यूल म्हणून, म्हणजे चालू कर्नेलला जोडता येणारा सुटा भाग म्हणून, चढते, आणि इतर पुष्कळ गोष्टी ‘सिसकंट्रोल’ या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेतून किंवा लोडरच्या फाइलीतून साधतात.

स्वतः बदललेला ड्रायव्हर चालवायचा असेल, तर मात्र स्वतःचे कर्नेल योग्य. तेव्हा सोर्स गिटमधून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) आपल्या आवृत्तीच्या रिलेंज शाखेवर, म्हणजे त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या येणाऱ्या शाखेवर, ठेवावा आणि कॉन्फिगरेशन फाइल जेनेरिकला समाविष्ट करून फक्त फरकाच्या ओळींची लिहावी. जेनेरिक कर्नेलची एक प्रत बूट डिरेक्टरीत ‘जेनेरिक’ या नावाने वेगळी ठेवावी. ती तिथे असली, तर ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ तिलाही अद्ययावत करते.

असे कारण नसेल, तर जेनेरिकवर परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोडरच्या यादीतून एकदा ते कर्नेल निवडावे, दोन्ही नेटवर्क कार्ड आणि पीएफचे नियम तपासावेत, कामाचा एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि मगच ते कायमचे करावे. दसऱ्यानंतर कापसाची आवक वाढते, त्यामुळे भाद्रपदातले आठवडे या कामाला सोयीचे पडतात.