अकरा महिने, सात कोंबड्या आणि आंबवणाची बादली

आंबवलेल्या खाद्याने अंडी वाढतात असं ऐकून कुणी हे वाचायला आलं असेल, तर आधीच सांगते, माझ्याकडे वाढली नाहीत. तरी मी ते रोज देते. का, ते पुढे येईलच.

अकरा महिन्यांपूर्वी पाच महिन्यांच्या सात तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, आणल्या आणि ठरवलं की यांना सगळं नैसर्गिक द्यायचं. तयार लेयर मॅशची, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या भरड खाद्याची, पिशवी बाजूला ठेवली आणि मका, गहू, बाजरी असं धान्य मिसळून घातलं. कोंबड्या अशा तुटून पडायच्या की वाटलं, हेच त्यांना हवं होतं. दीड महिन्यात रोजची पाच-सहा अंडी दोन-तीनवर आली. शिवाय एकमेकींच्या शेपटीची पिसं उपटून खायला लागल्या. तोवर मला वाटत होतं की जागा कमी पडते म्हणून भांडतात.

कारण साधं होतं. मक्यात प्रथिनं 8 ते 9 टक्के, गव्हात 11 ते 13. अंड्यावरच्या कोंबडीला 16 टक्क्यांच्या पुढे लागतात, आणि त्यातही मेथिओनिन नावाचा घटक धान्यात फारच तुटपुंजा असतो. तो कमी पडला की पिसांवर परिणाम होतो आणि पिसं टोचण्याची खोडही लागू शकते. ‘कोंबडीला काय हवं ते तिला कळतं’ हे वाक्य मी फार ऐकलं होतं. पण पुढ्यात मकाच असेल तर कळून ती करणार काय? मुकाट मॅशवर परत आले. धान्य आता संध्याकाळी मूठभर, तेही खुराड्यातल्या भुशावर फेकून, म्हणजे उकरत बसतात.

मॅश मात्र आंबवून देते. सात जणींना दिवसाला साधारण 800 ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. तेवढं प्लास्टिकच्या बादलीत घ्यायचं, ते बुडून वर दोन बोटं पाणी राहील इतकं पाणी घालायचं, झाकण सैल ठेवायचं आणि दिवसातून दोनदा ढवळायचं. गारठ्यात तीन दिवस लागतात, उकाड्यात दुसऱ्याच दिवशी बुडबुडे येतात. तीन बादल्या आळीपाळीने फिरवते आणि संपलेल्या बादलीतलं थोडं पाणी नव्या बादलीत विरजणासारखं घालते. वास दह्यासारखा आंबट आला पाहिजे. दारूसारखा किंवा कुजका आला, किंवा वर केसाळ बुरशी धरली, तर अख्खी बादली फेकायची. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, कारण बुरशीचं विष खालपर्यंत उतरलेलं असू शकतं. मी दोनदा बादली फेकली, दोन्ही वेळा ढवळायचा आळस केला होता म्हणून.

फरक काय पडला? नासाडी थांबली, हा सर्वांत मोठा. कोरड्या मॅशची पूड त्या चोचीने उडवायच्या, पाण्यात सांडायच्या, तळाशी राहिलेली बारीक पूड खायच्याच नाहीत. ओलं खाद्य तळापासून चाटूनपुसून जातं. विष्ठा घट्ट झाली आणि तिचा वास कमी झाला. आंबवताना लॅक्टिक आम्ल तयार होतं, त्यात बरेचसे रोगजंतू टिकत नाहीत, हे खरं आहे. पण ‘प्रतिकारशक्ती दुप्पट’ वगैरे मला काही दिसलं नाही. एक त्रासही आहे. संध्याकाळी उरलेलं उचललं नाही तर माश्या आणि उंदीर हजर. रोज बादली हाताळायचा कंटाळा असेल त्यांनी या फंदात पडू नये, कोरड्या मॅशवरही कोंबड्या उत्तम राहतात.

पिण्याच्या पाण्यात व्हिनेगर तीन महिने घालून पाहिलं. काहीही वेगळं जाणवलं नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात तर ते घालूच नये, आम्लाने जस्त पाण्यात उतरतं. लसणाचंही तसंच. त्यापेक्षा भांडं रोज घासणं आणि सावलीत ठेवणं जास्त कामाला आलं. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हात त्याहून बरंच जास्त, आणि तापलेल्या पाण्याला तोंड लावत नाही.

हिरवा पाला, तण, अळ्या यांवर जीव आहे त्यांचा. पाला उंच टांगून देते, खाली टाकला की तुडवून चिखल करतात. लांब गवत मात्र चिरूनच, नाहीतर गळ्यातल्या थैलीत त्याचा बोळा अडकतो. बलक गडद केशरी झाला तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. नंतर समजलं की तो रंग पाल्यातल्या रंगद्रव्याचा असतो, झेंडूच्या पाकळ्यांनीही तसाच येतो. अंडं त्यामुळे जास्त पौष्टिक झालं असं नाही. घरातलं उरलंसुरलं देताना हिरवट बटाटा, कच्ची सुकी कडधान्यं, अव्होकाडोची साल आणि बी, चॉकलेट, खारट पदार्थ हे सगळं वगळायचं.

कवचांचा उपाय मात्र पूर्ण गुण घेऊन पास. अंड्याची टरफलं वाळवून, भाजून, बारीक चुरून वेगळ्या वाटीत ठेवते. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं आणि एका अंड्यामागे कोंबडीच्या शरीरातून सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यात मिसळायचं नाही, जिला लागेल ती येऊन खाते. शेजारी बारीक खड्यांची दुसरी वाटी. खडे कोंबडीच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटात, राहून दाणे दळतात आणि टरफल विरघळून जातं, म्हणून एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

खुराड्यात लाकडाच्या भुशाची वीतभर जाड गादी आहे. ती रोज काढत नाही, उलटी-पालटी करून वर नवा भुसा टाकते. निम्मं काम कोंबड्याच उकरून करतात. पावसाळी हवेत पाण्याच्या भांड्याभोवती ओल धरली आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटला. उभ्याने मला काही जाणवत नव्हतं. गुडघ्यांवर बसून कोंबडीच्या उंचीला नाक नेलं तेव्हा कळलं. श्वास तर त्या तिथूनच घेतात. भांडं जाळीच्या चौथऱ्यावर ठेवलं, वरच्या बाजूला हवेची फट वाढवली, आणि प्रश्न मिटला. जुना भुसा थेट झाडांना घालू नका, आधी कुजवा, नाहीतर मुळं करपतात.

आता सगळ्यात वाईट प्रकरण. सहाव्या महिन्यात कोंबड्या रात्री खुराड्यात जायला कां-कूं करायला लागल्या. तुरे फिकट पडले. दिवसा पिसं फुंकून पाहिली तर अंगावर काहीच नाही. शेवटी रात्री बॅटरी घेऊन गेले आणि बसायच्या दांडीच्या खालून पांढरा कागद फिरवला. कागदावर रक्ताचे ओघळ! लाल माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक जीव. हे दिवसभर लाकडाच्या भेगांत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते, आणि कोंबड्या नसल्या तरी कित्येक महिने उपाशी तग धरतात.

माझ्या कोंबड्या कोरडी माती, वाळू आणि थोडी राख घातलेल्या टबात रोज मनसोक्त लोळतात, म्हणून मी निश्चिंत होते. पण धूळस्नान अंगावरच्या उवांसाठी. हे माइट राहतात लाकडात, तिथे ते काय करणार? डायटोमेशियस अर्थची, म्हणजे किडे मारायला वापरतात त्या खडूसारख्या मातीची, पूड खुराड्यात मारली, तर मलाच खोकला लागला. कोंबडीची फुफ्फुसं तर आपल्याहून नाजूक. मग दांड्या सुट्या केल्या, भेगांवर उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर फटीफटीत खाद्यतेल भरलं. दर पाच-सहा दिवसांनी तेच, चार वेळा. आता दांडीची टोकं तेलाच्या वाट्यांत टेकवली आहेत आणि रात्रीची कागदाची तपासणी पंधरा दिवसांनी ठरलेली.

आठव्या महिन्यात एक कोंबडी खुडूक बसली. तिच्याखाली बाहेरून आणलेली फलित अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं. पिल्लांना लेयर मॅश चालत नाही, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून काही काळ सगळ्यांनाच वाढीचं खाद्य दिलं, मोठ्यांना टरफलांची वाटी होतीच. पाचव्या आठवड्यात एक पिल्लू पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं. विष्ठेत रक्त. मी लसणाच्या पाण्यात दोन दिवस घालवले, याचं अजून वाईट वाटतं. पशुवैद्यांनी कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवीचा आजार, सांगितला आणि पाचही पिल्लांना त्यावरचं औषध अँप्रोलियम दिलं. औषध चालू असताना जीवनसत्त्व बी-1 असलेलं टॉनिक बंद ठेवायला सांगितलं, कारण ते औषधाचा परिणाम कमी करतं. चार वाचली. जे गेलं, ते मी लसूण पाजलेलंच.

लसीकरणावर मी वाद घालत नाही. मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, कुठलाही पाला नाही. लस पशुवैद्यांना विचारून वेळेवर दिली.

सध्या दोघींनी पिसं टाकायला सुरुवात केली आहे आणि खुराडं उशी फाटल्यासारखं दिसतंय. पीस बहुतांश प्रथिनांचंच असतं, त्यामुळे संध्याकाळचा मका बंद करून वाळलेल्या अळ्या देते आहे. दोघींची अंडी थांबली आहेत, नवी पिसं येईपर्यंत दोन-तीन महिने तशीच राहतील. बादली मात्र रोज ढवळते. आजही ढवळायला उशीर झाला तर सगळ्या जाळीपाशी रांगेत उभ्या होत्या.