अरविंद गुप्तांचं खेळण्यांचं संकेतस्थळ: सुरुवात मोटारीपासून करा

अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवतात. त्यांचं अरविंदगुप्ताटॉईज डॉट कॉम हे विज्ञान-खेळण्यांचं संकेतस्थळ संपूर्ण मोफत आहे. कृतींची छायाचित्रं, छोटे व्हिडिओ, पुस्तकं, आणि त्यातलं बरंच मराठीतही. खेळणी शेकड्यांनी आहेत. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती आधी सेलवर फिरणारी साधी विजेची मोटार द्या.

टॉर्चचा मोठा १.५ व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबरी पट्टा, फुटक्या स्पीकरमधला चुंबक. २२ गेजची इनॅमल तार, म्हणजे वीजरोधक लेप दिलेली तांब्याची तार, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. सव्वा मीटर पुरे. सेलभोवती १० वेढे द्या, ही कॉइल सेलवरून काढून घ्या, दोन्ही टोकं समोरासमोर ५-५ सेंटिमीटर बाहेर ठेवा. पट्ट्याने पिना सेलच्या दोन्ही टोकांना घट्ट बसवा. चुंबक सेलच्या पत्र्याला आपोआप चिकटतो. त्यावर पिनांच्या छिद्रांत कॉइल अडकवा.

बहुतेक मोटारी फसतात त्या इनॅमलपाशी. ते तांब्यासारखंच दिसतं, म्हणून तार उघडीच आहे असं वाटतं. कॉइल अडकवण्याआधी एक टोक पॉलिश पेपरने सगळीकडून घासा. दुसरं घासताना कॉइल उभी धरा आणि तारेची फक्त वरची अर्धी बाजू घासा. कॉइल आडवी धरून घासलं तर ती नुसती हिसके देते. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटं लागतं आणि कॉइल डुलत राहते. एवढं करून बोटाने हलका धक्का द्या. कॉइल अडली की लगेच उचला, नाहीतर सेल तापतो.

खरी गंमत फिरल्यावर सुरू होते. चुंबक उलटा केला तर? वेढे २० केले तर? दोन चुंबक लावले तर? मूल स्वतःच विचारतं, आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. अर्धी घासलेली तार म्हणजेच कम्युटेटर, योग्य वेळी प्रवाह चालू-बंद करणारा मोटारीचा भाग. तो शब्द नंतर सांगितला तरी चालेल, खरं तर नंतरच सांगावा.

काही जुन्या कृतींना फोटोच्या रीळची डबी लागते. ती आता मिळत नाही. झाकणाची औषधाची डबी चालते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचे सांगाडे मात्र आजही करता येतात. १९७८च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गुप्तांनी ते केले होते. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. मग छपराच्या कैचीत, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या सांगाड्यात, त्रिकोण का असतात, हे मुलांना सांगावं लागत नाही. नळीचे तुकडे सेंटिमीटरभरच कापा. लांब ठेवले तर सांधा लुळा पडतो.