स्टॅमफर्डचं द जॉर्ज: एका दारावर लंडन, दुसऱ्यावर यॉर्क

इंग्लंडात जुनी हॉटेलं पुष्कळ आहेत, पण लिंकनशायरमधल्या या हॉटेलात आत शिरलं की दोन दारं दिसतात, एकावर लंडन लिहिलंय आणि दुसऱ्यावर यॉर्क, ते बघून मी पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. घोडागाड्यांच्या काळातल्या वेटिंग रूम आहेत या! दक्षिणेला लंडनकडे जाणाऱ्यांनी एका खोलीत बसायचं, उत्तरेला यॉर्ककडे जाणाऱ्यांनी दुसऱ्या, आणि बाहेर घोडे बदलले की निघायचं. रोज 20 गाड्या लंडनकडे आणि 20 उलट्या दिशेने, म्हणजे दिवसातून 40 वेळा ती धावपळ, विचार करा.

या घोडागाड्यांना स्टेजकोच म्हणायचे, त्यातला स्टेज म्हणजे टप्पा, एक टप्पा पळून घोडे दमले की पुढच्या सरायीत ताजे जुंपायचे. 1706 मध्ये लंडन ते यॉर्क 4 दिवस लागायचे, 1830 च्या दशकात टपालगाडी साधारण 20 तासांत पोचायला लागली. श्रेय सगळं चांगल्या रस्त्यांना देतात पण माझ्या मते तबेल्यात रात्री-अपरात्री घोडे तयार ठेवणाऱ्या माणसांचाही त्यात तेवढाच वाटा आहे, त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

मुख्य इमारत 1597 ची, राणी एलिझाबेथचे मंत्री लॉर्ड बर्ली यांनी बांधलेली. बाहेर हॉटेलची पाटी अख्ख्या रस्त्यावर आडवी, फाशीच्या खांबासारखी. भल्या प्रवाशाचं स्वागत आणि वाटमाऱ्याला दम, असा तिचा अर्थ सांगतात. आत डॅनियल लॅम्बर्टचं चित्र आहे, 335 किलो वजनाचा हा माणूस 1809 मध्ये याच गावात वारला.

मग रेल्वे आली आणि घोडागाड्या संपल्या. त्यात मेन लाइन पीटरबरोवरून गेली, स्टॅमफर्ड बाजूलाच पडलं. तेव्हा गावाचं नुकसानच झालं असणार, पण म्हणूनच ही दगडी घरं पाडायची वेळ कोणावर आली नाही आणि 1967 मध्ये इंग्लंडातलं पहिलं कॉन्झर्वेशन एरिया, म्हणजे जुनं रूप जपायचं असा भाग, हेच गाव ठरलं. 1960 पासून ए-वन हायवेसुद्धा गावाबाहेरून जातो, त्यामुळे लोक सरळ पुढे निघून जातात. तुम्ही प्लीज आत वळा, आणि जमलं तर एक रात्र राहाच.

यॉर्कच्या खोलीत आता बार आहे. आम्हाला पुढे यॉर्कलाच जायचं होतं, म्हणून चेकआउट झाल्यावर बॅगा घेऊन मुद्दाम तिथेच बसलो, गाडीची वेळ होईपर्यंत.