आकाशदर्शनासाठी हवामानाचा अंदाज : ऑक्टोबर ते मार्च वापरून झाल्यावर

शनिवारी दुपारी दोनपर्यंत मला ग्रुपवर ‘जायचं’ किंवा ‘नाही’ हे टाकावं लागतं. त्यानंतर शेतघरावरच्या मावशी जेवणाचा आकडा बदलू देत नाहीत आणि गाडीवाला आगाऊ रक्कम परत करत नाही. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दोन कॅमेरे, आठ-दहा माणसं. ठिकाण मुरबाडच्या पुढे, नाहीतर माळशेज चढून ओतूरच्या बाजूला. (वांगणीचं आकाश एके काळी मुंबईकरांचं हक्काचं होतं. आता तिथे क्षितिजाजवळचं काही शोधायला जाऊ नका.) अमावस्येला लागून येणारे शनिवार मोसमात मोजकेच असतात. त्यामुळे आमचा प्रश्न ‘पाऊस पडेल का’ हा नसतोच. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत डोक्यावर किती ढग असतील आणि ते किती उंचीवर असतील, एवढंच आम्हाला हवं असतं. फोनमध्ये आधीपासून असलेलं अ‍ॅप या प्रश्नाच्या जवळपासही जात नाही.

सुरुवात बहुतेक जण क्लिअर आउटसाइड या अ‍ॅपपासून करतात, मीही केली. ब्रिटनमधल्या दुर्बिणी विकणाऱ्या एका दुकानाने, फर्स्ट लाइट ऑप्टिक्सने, बनवलेलं आहे. फुकट आहे, आणि आपल्याकडचं गावही अक्षांश-रेखांश देऊन लावता येतं. सात दिवसांचा तासागणिक तक्ता मिळतो. एकूण ढग, खालचे, मधले आणि वरचे असे वेगवेगळे आकडे असतात आणि हिरवा-केशरी-लाल रंग. सगळा जीव या वेगळ्या आकड्यांत आहे. एकूण ढग चाळीस टक्के ही माहिती निरुपयोगी आहे. तेच चाळीस टक्के खालच्या तुटक ढगांचे असतील तर मधल्या फटींतून रात्रभर काम होतं. वरच्या सिरसचे (पातळ, तंतूंसारख्या ढगांचे) असतील तर तारे दिसतात, नवखी मंडळी खूश होतात, पण देवयानी दीर्घिकेचा नुसता गाभा उरतो आणि फोटोत प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती वलय येतं. गंमत म्हणजे त्याच पातळ सिरसमधून गुरू मात्र झकास दिसू शकतो.

पण एक तक्ता म्हणजे एकच मत. म्हणून दुसरी खिडकी विंडी या अ‍ॅपची. त्यात ठिकाणावर बोट ठेवून तुलनेचा पर्याय उघडला की युरोपीय ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकन जीएफएस आणि जर्मन आयकॉन ही मॉडेलं (हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणक प्रणाली) एकाखाली एक दिसतात. सुरुवातीला मी यातलं ‘खरं’ कुठलं हे शोधत होतो. आता ती कोणाची बाजू घेतात यापेक्षा एकमेकांशी किती भांडतात हेच बघतो. तिघंही निरभ्र म्हणाले तर डबे भरायला घ्यावेत. दोघं निरभ्र आणि तिसरा साठ टक्के मधले ढग म्हणाला, तर अंदाज नसून टॉस आहे असं समजायचं आणि ग्रुपवर तसं स्पष्ट लिहायचं.

वेळेचंही एक गणित आहे, ते कळल्यावर उगाच दर तासाला अ‍ॅप उघडणं थांबलं. मॉडेलचा सकाळचा रन, म्हणजे ताजी आकडेमोड, भारतीय वेळेनुसार साडेपाचच्या निरीक्षणांवर चालतो. जीएफएसचा निकाल साधारण दहा-साडेदहापर्यंत हाती येतो, युरोपीय मॉडेलचा दुपारी बारा-एकच्या सुमारास. म्हणजे सकाळी सातला चहा घेताना जे दिसतं ते शुक्रवारच्या निरीक्षणांवरचं असतं. दुपारी एकनंतर बघितलं की आदल्या रात्रीच्या आणि ताज्या रनमध्ये किती फरक पडला तेही कळतं. रन बदलला की आकडाही बदलत असेल तर माझा विश्वास लगेच कमी होतो, मग तो आकडा कितीही हिरवा असो.

आता सह्याद्री. कुठल्याही अ‍ॅपच्या परीक्षणात हा मुद्दा सापडणार नाही, कारण ती लिहिणारे इंग्लंडच्या नाहीतर अ‍ॅरिझोनाच्या सपाट जमिनीवर उभे असतात. मॉडेल जमीन चौकटींच्या जाळीत वाटून घेतं. युरोपीय मॉडेलची चौकट सुमारे ९ किलोमीटरची, जीएफएस आणि आयकॉनची १३ च्या आसपास. कोकणातून घाटमाथ्यावर चढणारा कडा यापेक्षा कितीतरी अरुंद पट्ट्यात सात-आठशे मीटर उंची घेतो. मॉडेलला तो कडा दिसत नाही, त्याला दिसतो तो एक लांबट उतार. समुद्रावरून आलेली दमट हवा कड्यावर आपटून वर चढते, थंड होते आणि माथ्यावर ढग धरून बसते, हे त्या जाळीत नीट मावत नाही. पावसाळा संपल्यावरच्या एका रात्री अ‍ॅपवर ढग शून्य टक्के होते आणि आम्ही माथ्यावर एकमेकांच्या टॉर्चचे झोत शोधत होतो. पूर्वेला अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेला मित्र त्याच वेळी शर्मिष्ठेतले तारकागुच्छ मोजत होता.

तेव्हापासून विंडीत एक थर आवर्जून बघतो, ८५० हेक्टोपास्कलचा वारा आणि आर्द्रता. हा साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा थर, म्हणजे आपल्या घाटमाथ्यांच्या अगदी डोक्यावरचा. तिथे वारा पश्चिमेचा आणि आर्द्रता ऐंशीच्या वर असेल तर ढगांचा आकडा काहीही म्हणो, आम्ही माथ्यावर थांबत नाही. ओतूर-जुन्नरच्या बाजूला पंचवीस-तीस किलोमीटर आत जातो. वारा पूर्वेचा आणि कोरडा असेल तर घाटाखालची मुरबाडची बाजूही चालते. खरं सांगायचं तर कुठलं अ‍ॅप वापरता यापेक्षा घाटाच्या कुठल्या बाजूला उभे राहता यावर रात्र जास्त ठरते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ पासून सुरू आहे आणि तिची जाळी ६ किलोमीटरची आहे. घाटासाठी हे पाऊल बरोबर दिशेने आहे. तिचा ढगांचा थरवार तक्ता हौशी लोकांना सहज बघता आला तर मी सगळ्यात आधी तो उघडेन.

दुपारी निर्णय झाला की मॉडेलं बंद. संध्याकाळी पाचनंतर फक्त उपग्रह. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएसची चित्रं येतात, आणि रॅपिड नावाच्या साधनात ती मोठी करून, हलती करून बघता येतात. अंधार पडल्यावर दृश्य प्रकाशातलं चित्र काळं पडतं आणि इन्फ्रारेड उरतं. इथेच लोक फसतात. इन्फ्रारेडमध्ये दिसतं ते तापमान. उंच ढग थंड म्हणून पांढरेशुभ्र उमटतात, पण जमिनीलगतचा ढग किंवा धुकं जमिनीइतकंच उबदार असल्याने चित्रात मोकळी जमीन वाटते. त्यासाठी ‘नाइट मायक्रोफिजिक्स’ नावाचं रंगीत चित्र बघायचं, त्यात खालचा ढग वेगळा उठून दिसतो. रंग ओळखायला थोडे दिवस लागतात, पण हिवाळ्यात नदीखोऱ्यांत साचणारं धुकं मला त्यातच सापडलं. झूम अर्थवरही आपल्या भागाची चित्रं दिसतात आणि फोनवर ती जास्त सुटसुटीत चालतात.

हिवाळ्यातला खरा शत्रू पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी वादळी प्रणाली. बर्फ पडतो हिमालयात, पण त्याची सिरसची शेपटी कधी कधी आपल्यापर्यंत लोळते. याची चाहूल तीन-चार दिवस आधी हवामान विभागाच्या निवेदनातून लागते, म्हणून ते वाचतोच. फक्त त्यांच्या ‘मुख्यतः निरभ्र’ या शब्दांकडून आमच्या सोयीचा अर्थ काढू नये. ते शेतकऱ्यासाठी आणि वाहतुकीसाठी लिहिलेलं असतं.

ढग नाहीत म्हणजे आकाश चांगलं, असंही नाही. डिसेंबर-जानेवारीत कितीतरी रात्री ढगांचा आकडा शून्य असतो आणि वर राखाडी झाकण असतं. यासाठी विंडीतला एरोसोलचा (हवेतल्या धुळी-धुराचा) थर बघायचा, त्याची माहिती युरोपच्या कोपर्निकस सेवेकडून येते. आकडा ०.५ असेल तर डोक्यावरचा तारा निव्वळ धुळी-धुरामुळे सुमारे अर्ध्या प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद होतो, आणि क्षितिजापासून तीस अंशांवर हवेचा थर दुप्पट असल्याने जवळजवळ एका प्रतीने. दक्षिणेकडच्या, क्षितिजालगतच्या वस्तू शोधायच्या असतील तर ०.४ च्या वर मी यादीच बदलतो आणि खस्वस्तिकाजवळचं, म्हणजे थेट डोक्यावरचं, काय ते बघतो. दिवाळीनंतरचे काही दिवस तर या आकड्याशिवाय बाहेरच पडू नये.

ग्रहांसाठी मेटिओब्लू या संकेतस्थळाचं सीइंगचं पान (सीइंग म्हणजे हवेच्या थरथरीत प्रतिमा किती स्थिर दिसते ते). ढगांच्या थरांबरोबर सीइंगचे दोन निर्देशांक आणि जेट स्ट्रीमचा (खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या झोताचा) वेग मिळतो. १० जानेवारी २०२६ ला गुरू मिथुन राशीत प्रतियुतीला (सूर्याच्या बरोबर समोर) आला, त्याच्या मागच्यापुढच्या आठवड्यांत हे पान खूप वापरलं. उत्तर भारतावरची पश्चिमी जेट हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकते आणि वरचा वारा सेकंदाला ३५ मीटरच्या पुढे गेला की गुरूचे पट्टे उकळत्या पाण्याखालून बघितल्यासारखे हलतात. जेटचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा वाटला. निर्देशांकांवर मात्र मी फार विसंबत नाही, कारण गच्चीवरून बघताना खालच्या घरांच्या तापलेल्या स्लॅबचा हिशोब कुठलंच मॉडेल ठेवत नाही. सेव्हनटायमरही आहे. जीएफएसवर चालतं, तीन-तीन तासांच्या टप्प्यांत तीन दिवस दाखवतं, कमी नेटवर्कमध्ये पटकन उघडतं. माळशेजला हा शेवटचा गुण लहान नाही.

दवासाठी वेगळं काही लागत नाही. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरतं ते) यांत दोन अंशांपेक्षा कमी फरक दिसला की ड्यू हीटर (भिंगावर दव धरू न देणारा) आणि जादा पॉवर बँक गाडीत. घाटाखाली हा फरक मध्यरात्रीच संपतो, वर पहाटेपर्यंत टिकतो.

न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ क्लिअर स्काय चार्टचं कौतुक करून करून दमवतो. कॅनडाच्या हवामान केंद्राच्या अंदाजावर चालणारा तो तक्ता उत्तर अमेरिकेपुरता आहे, तिथल्या मराठी मंडळींनी जरूर वापरावा. आपल्याला तो नाही, इतकंच.

पैसे भरावेत का, हे ग्रुपवर सारखं विचारलं जातं. विंडी फुकटात तीन तासांच्या टप्प्याने दाखवतं, पैसे भरले की एका तासाच्या. मेसिए मॅरेथॉनसारख्या रात्री (मेसिएच्या यादीतल्या सगळ्या वस्तू एका रात्रीत बघायच्या), जिथे संध्याकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात मावळती दीर्घिका गाठायची असते, तिथे तासाचा टप्पा कामाला येतो. एरवी क्लिअर आउटसाइडचा तासागणिक तक्ता फुकट आहेच. आणि एप्रिल-मेमध्ये पैसे भरूनही फरक पडत नाही. दुपारी उठलेल्या गडगडाटी ढगाचा पसरट माथा रात्री दहापर्यंत आकाश अडवतो, आणि तो नगरवर उठेल की नाशिकवर, हे दुपारी दोनला कोणी सांगू शकत नाही. त्या दोन महिन्यांत आम्ही मावशींना आकडा देतच नाही. संध्याकाळी सातचं उपग्रहचित्र बघून दोन-तीन जण निघतो आणि जेवण घरून बांधून नेतो.