फिल्टररजिस्ट्रेशनबीन : सात-आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. जावा वेब ॲपमध्ये फिल्टर (रिक्वेस्ट मुख्य कोडकडे जाण्याआधी ज्यांतून जाते ते टप्पे) कोणत्या क्रमाने चालावेत हे ठरवायला स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचं फिल्टररजिस्ट्रेशनबीन (फिल्टर नोंदवायचा क्लास) चांगलं आहे. पाचपैकी चार. एक गुण का कापला ते खाली येईलच.

आमच्याकडे नागपुरातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचं ऑर्डरचं ॲप आहे. जुनी आवृत्ती टॉमकॅट ९ या सर्व्हरवर, वॉर फाइल (ॲपचं पॅकेज) टाकून चालायची आणि सगळे फिल्टर वेबफिल्टर ॲनोटेशनने (कोडमध्ये क्लासवरच लिहायची खूण) लावलेले. हे ॲनोटेशन सर्व्हलेट (जावा वेब ॲपचं मानक) ३.० सोबत २००९ मध्ये आलं. त्यात फिल्टरचं नाव देता येतं, यूआरएल देता येते, डिस्पॅचर टाइप (कोणत्या प्रकारच्या रिक्वेस्टला लागू ते) देता येतो. क्रम तेवढा देता येत नाही, आणि स्पेसिफिकेशनही त्याची हमी घेत नाही. वेब डॉट एक्सएमएल ही कॉन्फिगरेशनची फाइल कितीही जुनाट वाटली तरी तिथे फिल्टर-मॅपिंग लिहिल्या क्रमाने चालतात. यूआरएलने जोडलेले आधी, सर्व्हलेटच्या नावाने जोडलेले मागून.

याचा फटका ऑर्डरमधल्या पत्त्यांना बसला. एन्कोडिंगचा (बाइट कोणत्या पद्धतीने अक्षरं म्हणून वाचायचे ते सांगणारा) एक फिल्टर, लॉगिंगचा (नोंदी ठेवणारा) एक. डेव्हलपरच्या मशीनवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर लॉगिंगवाला पुढे. त्याने गेटपॅरामीटर या मेथडला हाक मारली की बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) तिथेच आयएसओ-८८५९-१ धरून वाचली जायची. मागून दुसऱ्या फिल्टरने यूटीएफ-८ सांगून उपयोग काय? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, त्यामुळे ६ चिन्हांचं 'इतवारी' १८ चिन्हांची रांगोळी होऊन डेटाबेसात बसायचं. माल पोचवणारा पोरगा गांधीबागेत उभा राहून ऑफिसला फोन करायचा, पत्ता सांगा म्हणून.

स्प्रिंग बूट ३ वर आल्यावर सगळे फिल्टर एकाच कॉन्फिगरेशन क्लासमध्ये आणले. प्रत्येकाचं एक बीन (स्प्रिंग स्वतः सांभाळतो तो ऑब्जेक्ट), प्रत्येकाला सेटऑर्डर. आकडा जितका लहान तितका फिल्टर पुढे. बूटचा स्वतःचा एन्कोडिंग फिल्टर सगळ्यात पुढे, म्हणजे −२१४७४८३६४८ वर बसतो, म्हणून बॉडी वाचणाऱ्या फिल्टरला चुकूनही तोच आकडा देऊ नका. स्प्रिंग सिक्युरिटीची (लॉगिन आणि परवानग्या तपासणारा भाग) साखळी −१०० वर. आम्ही रिक्वेस्ट आयडी −३०० वर ठेवला, लॉगिंग −२०० वर (लॉगिन फसलेल्या रिक्वेस्टही लॉगमध्ये दिसायला हव्यात), आणि कोणत्या शाखेचा युजर आहे ते ठरवणारा फिल्टर १० वर, कारण त्याला लॉगिन झालेला माणूस लागतो. मध्ये जागा मुद्दाम सोडली आहे. नवीन फिल्टर आला की कोणाला सरकवावं लागत नाही.

एक बारकावा मात्र वापरल्याशिवाय कळत नाही. परतीचा प्रवास उलटा असतो: शेवटी शिरलेला फिल्टर आधी बाहेर पडतो. लॉगिंग सिक्युरिटीच्या बाहेर असल्यामुळे रिस्पॉन्स त्याच्यापर्यंत येतो तेव्हा सिक्युरिटीने आपला कॉन्टेक्स्ट (कोण लॉगिन आहे ती माहिती) पुसून टाकलेला असतो आणि लॉगमध्ये युजरचं नाव रिकामं येतं. तोडगा सोपा आहे. १० वरच्या फिल्टरने नाव रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवायचं, लॉगिंगने ते तिथून उचलायचं.

आता कापलेला गुण. टीममध्ये नव्याने आलेला एक जण विचारत होता, "दादा, हा टोकनवाला फिल्टर दोनदा काहून चालून राह्यला?" फिल्टरवर कॉम्पोनंट ॲनोटेशन होतं, म्हणजे स्प्रिंग त्याचं बीन आपोआप बनवतो, आणि सिक्युरिटीच्या साखळीत तोच ॲडफिल्टरबिफोरने घातलेला. बूटला फिल्टरचं बीन दिसलं की तो ते न विचारता कंटेनरलाही (टॉमकॅटसारख्या सर्व्हरला) देऊन टाकतो. म्हणजे एकदा साखळीच्या आत आणि एकदा पार शेवटी. वन्सपररिक्वेस्टफिल्टर या स्प्रिंगच्या क्लासवरून आपला क्लास बेतला तर दुसरी फेरी टळते, पण नोंदणी दोनदाची दोनदाच राहते. खरा उपाय म्हणजे त्याच फिल्टरसाठी आणखी एक रजिस्ट्रेशनबीन लिहून सेटइनेबल्ड फॉल्स करायचं. नोंदणी होऊ नये म्हणून नोंदणीचं बीन लिहा! हा प्रकार मला आजही पटलेला नाही. शिवाय सिक्युरिटीच्या आतली रांग वेगळी, तिथे तुमचे −२०० आणि १० कोणी विचारत नाही.

क्रमाबद्दल शंका आली की लॉगिंग डॉट लेव्हल डॉट वेब ही सेटिंग डिबगवर टाका. ॲप सुरू होताना सगळे फिल्टर, त्यांचे आकडे आणि यूआरएल छापून येतात. आम्ही ही यादी प्रत्येक रिलीजआधी बघतो.

बूट ३.५ पासून फिल्टररजिस्ट्रेशन नावाचं ॲनोटेशनही मिळतं, त्यात क्रम देता येतो. आम्ही तिकडे गेलो नाही, कारण आकडे पुन्हा चार फायलींत विखुरतील. आणि ज्यांचं जुनं ॲप दोन-तीन फिल्टरवर वेब डॉट एक्सएमएलमध्ये नीट चालतंय, त्यांनी फक्त क्रमासाठी बूटवर यायची काहीच गरज नाही.