छापखाना सोडून प्लंबिंग : कोर्सनंतरच्या आठ महिन्यांचा अनुभव

सोळा वर्षं मी कोल्हापुरात एका छापखान्यात डीटीपी केलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची पत्रकं. पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या तसं काम आटत गेलं. शेवटी वयाच्या ३९ व्या वर्षी तीन महिन्यांचा प्लंबिंगचा कोर्स केला. तो संपून आता आठ महिने झाले आणि तेव्हापासून याच कामावर पोट आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. जो कुणी चाळिशीच्या आसपास हा विचार करतोय त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा असतो. दहावी झालेल्या पोरानं डोळे मिटून तिकडे जावं, पाया पक्का होतो. माझ्यावर घर होतं, वर्षभर बिनपगारी बसणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळचा छोटा कोर्स घेतला. फी बारा हजार. आधीपासून कुणाच्या हाताखाली काम करतोय पण हातात कागद नाही, अशांसाठी आरपीएल म्हणून वेगळी सोय आहे. त्यात आहे ती कला तपासून प्रमाणपत्र देतात.

कोर्समध्ये चांगलं काय मिळालं तर नकाशा वाचायला आला. गरम पाण्याला सीपीव्हीसी हाच प्लास्टिक पाईप का, तर तो ९३ अंशांपर्यंत टिकतो आणि साधा यूपीव्हीसी मऊ पडतो, हे कळलं. पाईप काटकोनात कापायचा, आतली कूस काढायची, दोन्हीकडे सोल्युशन, म्हणजे जोड चिकटवायचा गोंद, लावायचं, आत सारताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. हे शंभर वेळा करून घेतलं, त्याबद्दल शिकवणाऱ्या सरांचा ऋणी आहे. चार इंची ड्रेनेजला चाळीस फुटाला एक फूट उतार, हेही तिथंच डोक्यात बसलं.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपला आटे पाडायची डाय मोडलेली होती, ती शेवटपर्यंत दुरुस्त झाली नाही. आणि प्रेशर टेस्ट, म्हणजे लाईन बंद करून पंपानं पाण्याचा दाब देऊन गळती बघणं, फक्त फळ्यावर काढून दाखवली. पंप कुणाच्याच हातात दिला नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

कोर्सनंतर हार्डवेअरच्या दुकानदारानं एका वस्तादांशी गाठ घालून दिली. वय साठीच्या पुढचं, शिक्षण सातवी. पहिले चार महिने त्यांच्या हाताखाली सहाशे रुपये रोजावर काम केलं. दुसऱ्याच महिन्यात राजारामपुरीत एका बाथरूमचं काम होतं. मी सगळे जोड आधी कोरडे बसवून मापं घेतली, मग एकेक काढून सोल्युशन लावत गेलो. शॉवरच्या मागचा एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, तसाच कोरडा राहिला. कोरडा एल्बो इतका घट्ट बसतो की हातानं ओढून कळत नाही. वरच्या टाकीच्या दाबावर तो दिवसच्या दिवस टिकूनही जातो.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी सगळ्या पॉइंटना प्लग लावले, लाईन सावकाश भरून हवा काढली आणि हातपंपानं दाब वाढवत नेला. काटा चार किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) पुढे गेला आणि तो एल्बो फाडकन निघून समोरच्या भिंतीवर आपटला. मी थिजलो. वस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, "टाईल बसली असती तर सहा महिन्यांनी मालकानं भिंत फोडली असती. आणि तुला नव्हे, मला बोलावलं असतं."

छापखान्यात मी सोळा वर्षं प्रूफ वाचलं. नवरीच्या नावातली वेलांटी चुकून पाचशे पत्रिका छापल्या गेल्या तर काय होतं, ते पाहिलंय. मशीन सुरू करण्याआधी प्रूफावर सही घ्यायची, ही सवय अंगात होती, आणि पाईपाच्या बाबतीत मी तीच विसरलो होतो. त्या दिवसापासून टेस्ट हे माझ्यासाठी प्रूफ आहे. टाईल बसली की छापलं गेलं.

टेस्टमधले बारकावे कोर्समध्ये कुणी सांगितले नव्हते. लाईनमध्ये हवा राहिली तर काटा खोटं बोलतो. सोल्युशन ओलं असताना दाब द्यायचा नाही. थांबायची वेळ डब्यावर छापलेली असते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याहून जास्त थांबावं लागतं. दाब वापरातल्या दाबाच्या दीडपट तरी हवा. घरगुती लाईनला वस्ताद पाच-सहा किलोपर्यंत नेतात. ऊन चढलं की काटा थोडा हलतो, तेवढ्यानं घाबरायचं नाही. मात्र हळूहळू एकसारखा उतरत राहिला तर कुठंतरी पाझर आहे, मग बॅटरी घेऊन एकेक जोड कोरड्या फडक्यानं पुसत बसायचं.

दाबाचं गणित लोकांना समजावणं हाही कामाचाच भाग आहे. साधारण ३३ फूट उंचीच्या पाण्याला एक किलो दाब. टाकीपासून शॉवर दहा फूट खाली असेल तर मिळतो जेमतेम ०.३ किलो. मग कितीही महागडा शॉवर लावा, तो ठिबकणारच. हे मी आधीच सांगतो. त्यामुळे दोन कामं गेलीही, तरी सांगतो.

सगळ्यात जास्त शिकलो ते एका बंगल्यातल्या सोलरच्या कामात. गच्चीवर पाणी कडकडीत गरम, खाली नळ फुसफुसायचा आणि बंद पडायचा. तीन जणांनी नळ बदलून पैसे नेले होते. वस्तादांनी नळाला हातच लावला नाही, ते गच्चीवर गेले. गरम पाण्याची लाईन कठड्यावरून वर चढून पुन्हा खाली उतरली होती आणि त्या चढावर हवा कोंडत होती. त्यांनी तिथं टी टाकून एक उभा पाईप काढला, त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवलं. तासाभरात सगळे नळ भरून वाहायला लागले. पाणी अडलं की आधी हवा कुठं अडलीय ते बघायचं, हे मी त्या गच्चीवर शिकलो.

गावातल्या जुन्या घरांत जी.आय.च जास्त. काळम्मावाडी धरणातून पाणी आणणारी थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत शहरात आली, तरी शिवाजी पेठेतल्या एका मावशींच्या स्वयंपाकघरात धार करंगळीएवढीच. अर्धा इंची पाईप कापला तर आतून गंजून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. आटे पाडणं मी अखेर तिथं शिकलो, वस्तादांच्याच डायवर. त्याच मावशींच्या माडीवरच्या बंद बाथरूमला वास येत होता. न्हाणी ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी सुकलं होतं, बाकी काही नाही. दोन तांबे पाणी ओतलं, वास गेला. त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढे त्यांच्या गल्लीतून चार कामं आली.

आता पैशांचं. छापखान्यात सोळा हजार मिळायचे. हाताखाली असताना त्याहून कमीच सुटायचे. आता स्वतःची किरकोळ कामं धरून बावीस-तेवीस हजारांपर्यंत जातं, दर महिन्याला नाही. हत्यारांना नऊ हजार गेले. त्यात चांगला पाईप पाना आणि गुडघ्याचे पॅड यांत कंजुषी करू नका, माझा उजवा गुडघा पहिल्या महिन्यातच बोलायला लागला होता. चोकअप काढायचं पहिलं काम जड गेलं, घरी येऊन जेवलो नाही. नंतर सवय झाली. महापालिकेच्या लाईनवरून नवीन कनेक्शन घ्यायला परवानाधारक प्लंबर लागतो, ते काम मी घेत नाही, वस्तादांकडे पाठवतो.

कोर्स घ्यायला जाल तेव्हा आधी वर्कशॉप बघा. डाय चालू आहे का आणि टेस्ट पंप विद्यार्थ्यांच्या हातात देतात का, एवढं विचारा.

गेल्या आठवड्यात कसबा बावड्यात पूर्ण बाथरूम एकट्यानं केलं, वस्तादांशिवाय पहिलंच. संध्याकाळी सहा किलोवर वॉल्व्ह बंद केला आणि घरी आलो. झोप लागली नाही. सकाळी सातला पोचलो तर काटा सहावरच होता. नऊला टाईलवाले मिस्त्री आले, त्यांना आधी काटा दाखवला आणि मग म्हटलं, "घ्या, लावा आता."