व्हॅक्यूमच्या नावाखाली निव्वळ हवा

जाहिरात सोशल मीडियावरची. एक लिटरची व्हॅक्यूम बाटली ४९९ रुपयांत, '२४ तास गरम', वर झाकणावर तापमानाचा आकडा. डिसेंबरात पहाटे सिंहगडाकडे निघणाऱ्या सायकलवाल्याला आणखी काय हवं? पार्सल आलं, रोख पैसे गेले आणि उकळता कोरा चहा दोन तासांत कोमट. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: झाकण नीट लागलं नसेल.

म्हणून बाटली हॅकसॉने उभी कापली. भिंती दोन होत्या, नाही असं नाही. पण बाहेरच्या पत्र्याचं बूड नुसतं गोंदाने चिकटवलेलं, म्हणजे मधल्या पोकळीत साधी हवा. खऱ्या बाटलीत बूड वेल्ड केलेलं असतं आणि पोकळीतली हवा काढून ती कायमची बंद करतात. चांगल्या बाटलीत आतल्या भांड्याला बाहेरून तांब्याचा मुलामाही असतो, किरणांवाटे जाणारी उष्णता अडवायला. इथे दोन्हींचा पत्ता नाही.

झाकणावरचा आकडा ही शुद्ध धूळफेक. तो तापमान सांगतो, राखत नाही. जाहिरातीतल्या वाफेवरही जाऊ नका, थंडीत कोमट चहातूनसुद्धा वाफ दिसते.

परत करायची मुदत संपायच्या आत घरीच तपासा. उकळतं पाणी बोटभर जागा सोडून भरा, झाकण घट्ट लावा, दहा मिनिटांनी बाटलीच्या मधोमध हात लावा. गरम लागली तर व्हॅक्यूम नाही. गळा थोडा तापतोच, त्यावरून निकाल देऊ नका. मग रिकामी बाटली वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा: १ मिली म्हणजे १ ग्रॅम. या 'लिटर'मध्ये ७४० ग्रॅमच मावलं! चुंबक चिकटत नाही म्हणून स्टील ३०४ या चांगल्या प्रतीचं, हाही बनाव. स्वस्त २०१ प्रतीच्या स्टीललाही तो सहसा चिकटत नाही.

आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना कुणाचा ते कळतं. बाटलीवर भलतंच नाव असेल तर शिक्का खोटा समजा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं लेबल फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तेच कामी येतं, कारण जाहिरातीचं पान तोवर गायब झालेलं असतं.